ढमीचा काटा आणि माझा फिल्टर

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (थोडा दाजींनाही दे, सगळा एकटीने ठेवून घेऊ नकोस.) तुझी पाठ कशी आहे? झोप मिळते का? ढमीची तब्येत मी विचारत नाही, कारण ती तू मला दिवसातून चारदा फोनवर ग्रॅममध्ये सांगतेस.

पोर वेळेआधी जन्मली, एवढीशी आहे, वजन वाढेपर्यंत जिवाला घोर असणारच. पण डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा मोजायला सांगितलंय आणि तू दर दुधानंतर मोजतेस. तो वजनकाटा मीच आमच्या कारखान्यातून पाठवला, म्हणून तिथली गोष्ट ऐक. तर काट्याखाली एक चिप असते, ती वजनाचा आकडा करते. त्या चिपमध्ये आकड्याची थरथर गाळणारा फिल्टर निवडता येतो. एक फास्ट, म्हणजे आपली शेजारची काकू: कानावर पडलं की गावभर. दुसरा स्लो, म्हणजे आपले बाबा: दहा वेळा ऐकून, सरासरी काढून मगच तोंड उघडणार. मधला एक आहे, तो विजेच्या तारांची गुणगुण तेवढी गाळतो आणि बेताच्या वेळात बोलतो.

गेल्या आठवड्यात एका हॉस्पिटलात बाळांच्या वॉर्डात काटा दाखवायचा होता. मी ऐटीत स्लो लावून गेलो. प्रयोगशाळेत तो दगडासारखा स्थिर दिसायचा, कारण आम्ही महिनाभर त्यावर पितळी वजनंच ठेवत होतो (पितळी वजन लाथा मारत नाही, हे आम्हा सगळ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही). बाळ ठेवलं, त्याने सायकल चालवायला सुरुवात केली आणि काटा विचारात पडला. बाळाने भोकाड पसरलं, आईने उचललं, आणि काटा अजून विचारातच. मग आकडा सावकाश उतरू लागला, म्हणजे रिकामा ट्रे सगळ्यांच्या देखत हळूहळू रोडावत गेला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की ट्रे नीट दूध पीत नाही का? आमचे साहेब छताकडे बघत होते. मी घाईने फास्ट लावला, तर शेजारच्या पंपाची मोटर सुरू झाली आणि आकडा असा नाचायला लागला की बाळ रडायचं थांबून बघत राहिलं. शेवटी मधला लावला, बाळ निजल्यावर मोजलं, आणि बाईंनी मान डोलावली. माझी नोकरी वाचली.

तुझ्या काट्यावर फास्ट आहे. आकडा झटकन आला पाहिजे असा तुझाच हुकूम होता. आता तू ट्रेवर ओणवी होऊन बघतेस, तुझा पदर कडेला टेकतो, वर पंखा गरगरतो, ढमी पाय झाडते, आणि पंधरा ग्रॅम गेले म्हणून तू घास टाकून उठतेस. अगं वेडाबाई, ते ग्रॅम ढमीचे नाहीतच. ते पंख्याचे आहेत, पदराचे आहेत. ढमीचं वजन दोन दुधांच्या मध्ये कळायचं नाही, ते आठवड्याने कळतं. तेवढा स्लो फिल्टर कुठल्याच चिपमध्ये मिळत नाही, तो आपणच मनात बसवायचा. मला तुझी फार काळजी वाटते, ताई. ढमीइतकीच.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र काट्यासाठी नाहीच. दाजींचा फोन आला होता. तू मोरीत नळ सोडून रडतेस म्हणाले. (त्यांना बोलू नकोस, बिचारे फार चाचरत बोलले.) काटा कपाटावर ठेव, डॉक्टरांच्या दिवशीच काढ. उरलेल्या वेळात पोरीला नुसती मांडीवर घे, आणि तू जेव.

ता. क. २. कपाटावर ठेवण्याआधी एकदाच मोज आणि मला कळव. आईला सांगू नकोस. आणि फास्टवरच मोज, मला तेवढा धीर नाही.