उजवी काच

दादा,

मी आईबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय, इंजेक्शन घ्यायला. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

सराव बुडू नये म्हणून अंगातला ताप लपवलास. "घशात धूळ गेलीय," म्हणत घरभर खोकत फिरलास. कोरोना दोघांनाही झाला. तू लगेच ठणठणीत झालास. माझ्या उजव्या डोळ्यापुढे करडा पडदा आला, तर म्हणालास, "मोबाईल कमी बघ, नाटकं पुरे." मीही मूर्ख, ऐकलं तुझं.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोरोनानंतर काहींच्या रक्तात गुठळ्या होतात, तशाच एका गुठळीने माझ्या डोळ्यातली शीर तुंबली असावी. लगेच यायला हवं होतं. आता नजर किती परत येईल, सांगता येत नाही.

सकाळी मी सुईऐवजी हवेतच दोरा ओवत होते. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज तसाच पडलाय. आणि तू हसून म्हणालास, "एक डोळा आहे ना अजून!"

म्हणून तू परत झोपून घोरत असताना तुझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर काळं नेलपॉलिश लावलंय, चांगले दोन हात. जुना चष्मा आणि रिमूव्हर शोधू नकोस, दोन्ही माझ्या पर्समध्ये आहेत. संध्याकाळी टेबल टेनिसची फायनल ना? खेळ की. चेंडू वाटेल तिथे नसेल, पण एक काच आहे ना अजून!

रात्री मी ती पुसून देईन. माझ्या डोळ्यावरचं कोण पुसणार, तेवढं शोधून ठेव.

तुझी नाटकी बहीण