रमणचा खेकडा

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

इथे आखातात आलो तेव्हा रुवी भागात राहायचो, त्या फ्लॅटमधले शुक्रवार आज सारखे आठवतायत. सुट्टीचा दिवस. हॉलमध्ये पांढरी चादर टांगलेली, इमारतीतली पोरं जमिनीवर दाटीवाटीने, आणि रमण प्रोजेक्टरवर ते जुनं काळं-पांढरं कार्टून लावायचा — समुद्रातल्या प्राण्यांचा नाच. फिल्म मुकी. सगळ्यांचे आवाज तोच काढायचा, मालवणीत. मी स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत असायचे.

"अगं, ये ना बघायला."

"आले, एवढा घाणा होऊ दे."

आधी पाहुण्यांच्या हातात बशी, मग आपण — शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांची शिकवण. त्यापायी ते कार्टून मी एकदाही बघितलं नाही.

आता आम्ही मुलीकडे, सोनलकडे, अल खौदला. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून रमण बोलत नाही. एक शब्दही नाही.

रविवार, ११ जानेवारी

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, तोंडपाठ गोष्टी कधीकधी आधी परततात. गाणी, प्रार्थना. रमण आणि प्रार्थना! मी कार्टूनचं सांगितलं. "ट्राय करा, मॅडम."

रीळ काढलं. दमट हवा लागू नये म्हणून मीच पापडांसारखं प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, डब्याला टेप लावून ठेवलं होतं. उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा. फिल्म आक्रसून वेडीवाकडी. तय्यब बघून गेला — तेव्हा खालच्या मजल्यावर राहायचा, पहिल्या रांगेत बसायचा. आता टक्कल पडलंय. म्हणाला, "आंटी, खलास. इसको हवा चाहिए थी." बंद डब्यात फिल्मचीच वाफ कोंडते आणि फिल्मला खाते म्हणे.

इतकं जपायला नको होतं.

बुधवार, १४ जानेवारी

सोनलच्या अश्लेषाला मी चहा गाळेपर्यंत ते कार्टून टॅबवर सापडलं. "आजी, हेच... हेच आहे का ते?" मला काय माहीत? तय्यबला पाठवून विचारावं लागलं. हेच.

रमणसमोर लावलं. बँड जोरात वाजत होता. तो खिडकीकडे बघत राहिला.

शुक्रवार, १६ जानेवारी

आमच्या फिल्मला बँड कुठे होता? आज टॅबचा आवाज बंद केला आणि मीच बोलायला लागले. वाक्यं सगळी पाठ आहेत, स्वयंपाकघरात कानावर पडून पडून. कोणतं कुणाचं, ते ठाऊक नाही. एक मासा डौलात आला. ही सुरमई असणार. मी ठसक्यात म्हटलं, "आडवो चलतंय म्हणान काय झाला? वाट माझीच आसा."

रमणने डावा हात पलंगावर आपटला.

"कुर्लो!"

कुर्लो म्हणजे खेकडा. वाक्य खेकड्याचं. अर्थातच — मासा कशाला आडवा चालेल? अश्लेषा हसत सुटली. सोनल दारात रडत उभी. आणि रमण माझ्याकडे असा बघत होता, की कुठली ही बावळट बाई.

"बरं, मग सुरमई काय म्हणते?"

त्याने ओठ जुळवले, पुन्हा सोडले. मग — "वायच... सर... मेल्या." जरा सरक म्हणे.

किती वर्षं मी नुसते वडे तळले.

मंगळवार, २० जानेवारी

रोज दुपारी बघतो. मी मुद्दाम चुकते, तो चिडतो. आज खेकड्याचं अख्खं वाक्य म्हणाला. अश्लेषा शाळेत कुणाला तरी 'मेल्या' म्हणून आली. सोनल तिला रागावली, पण हसू लपेना.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

शनिवारी सकाळी रमण गेला. दुसरा झटका.

सोनल विचारते, बाबांचं काय कुणाला द्यायचं. घड्याळ, शर्ट तिने ठरवावं. माझं एवढंच — प्रोजेक्टर तय्यबला. खेकडा सोनलला, तिला तो हेल येतो. सुरमई अश्लेषाला, अडखळली तरी चालेल. ऑक्टोपस जावयाला, प्रितमला. त्याने निदान एक तरी मालवणी वाक्य शिकावं.

दुपारी बघताना जेलीफिश आली की रमण गप्प राहायचा. तिला त्याने वाक्यच दिलं नव्हतं. ती मला.