बिरूच्या कार्डावरचे चार अंगठे

३ जानेवारी १९९४. सकाळी ७.
आजपासून तंबाखू बंद. व्यसनमुक्ती केंद्राच्या केसवर्करनं गालात बार धरून लोकांना समजावणं बरं दिसत नाही.

सायंकाळी ६.
एक चिमूट घेतली. टप्प्याटप्प्यानंच सुटते.

५ जानेवारी, बुधवार.
वाळूजला बिरूच्या खोलीवर पहिली भेट. मेंढरं विकून कंपनीत लागला, दारूत बुडाला, आमच्याकडं महिनाभर राहून सुटला. आता दर बुधवारी घरभेट, कार्डावर बायकोचा, कस्तुराबाईचा, अंगठा. त्यात माझी खास आयडिया: बिरोबाचा भंडारा उचलून दारू न पिण्याची शपथ घ्यायला लावली. धनगर माणूस, मेला तरी शपथ मोडायचा नाही.
मग पुन्हा पुन्हा यायचं कशाला? कस्तुराबाईचे चारही अंगठे आजच घेतले. ५, १२, १९, २६. शेरा ‘प्रकृती उत्तम’. बाईनं विचारलं, चार कशाला? म्हटलं, प्लॅनिंग.

१३ जानेवारी.
विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होणार म्हणतात. क्रांती चौकात पोलीसच पोलीस.
कस्तुराबाईचा शेजारी मोतीराम निरोप घेऊन आला. बिरू एकदा प्याला. शपथ मोडली, आता देव सोडत नाही म्हणून घाबरलाय, केंद्राची पायरी चढायला लाजतो, पितच सुटलाय. साहेबांनी शपथ घातली, साहेबांनीच येऊन सोडवावी, असं बाईचं म्हणणं.
मोतीरामला कार्ड दाखवलं. कालच प्रकृती उत्तम आहे. तरी सोमवारी जाईन.

१७ जानेवारी, सोमवार.
विद्यापीठाचं नाव बदललं. चौकात अजून निळा गुलाल. एवढ्या गर्दीत बस कुठली मिळायला? (दोन गेल्या. भरलेल्या वाटल्या.) बुधवारी जाऊ, नियमाचा वार आहे.

२० जानेवारी.
काल राहिलंच. छातीत उगाच धडधडतंय. मोतीरामही परत आला नाही. म्हणजे सगळं ठीक असणार. तंबाखू कमी करायला हवी.

२७ जानेवारी.
इन्स्पेक्शन. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर बिरूचं कार्ड वाचलं. काल २६ जानेवारीची सुट्टी असूनही भेट, असा केसवर्कर हवा, म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली.
वर केली तर दारात कस्तुराबाई. कपाळ मोकळं. बिरू सतरा तारखेला कंपनीच्या कंपाउंडामागं पडलेला सापडला, म्हणाली. काल दहावा झाला.
साहेबांनी तारीख दोनदा विचारली. मग कार्ड तिच्यापुढं धरून विचारलं, हे अंगठे तुमचेच का?
“व्हय, माझेच. हे भाऊ म्हणले, प्लॅनिंग हाय.”
साहेब माझ्याकडं वळले. तोंडात बार होता, बोलता येईना. थुंकायला जागा नव्हती. गिळला.