आजोबांचे बूट

आई, ड्यूटीवरून आलीस की आधी हे वाच, मगच मागच्या खोलीत जा. बूटवाले आजोबा तिथे नाहीत. त्यांचा आसऱ्याचा अर्ज फेटाळला गेलाय. सकाळी दोन पोलीस आले आणि त्यांना मायदेशी परत पाठवायचं म्हणून घेऊन गेले. मी हातापाया पडलो, पण कोणी ऐकेना. बूट गच्चीत वाळत होते. ते घेऊन खाली येईपर्यंत गाडी गेली. आजोबा अनवाणीच गेले गं.

निर्वासितांना मदत करणाऱ्या आपल्या गटातल्या वकीलबाई ठाण्यावर पोचतायत, मीही तिकडेच निघालोय.

तू आता कपाळ बडवून घेशील. आपल्याकडे आल्यापासून आजोबा बूट घालूनच झोपायचे, पळायची वेळ आली तर म्हणून. तूच रोज मागे लागायचीस, "आजोबा, घर आपलंच आहे, काढा की ते." काल काढले, आणि तू लगेच धुवायला घेतलेस.

स्वतःला बोल लावू नकोस. जाताना ते म्हणाले, "आईला सांग, काल गाढ झोप लागली."

चार घास खाऊन घे. बूट अजून ओलेच आहेत, आत पेपर कोंबून नेतोय.