बी-बारा आणि एस्किल्डचा झेंडा

३ मार्च
चार वर्षांपूर्वी त्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, राय धान्याच्या पावाला कलेजीची पेस्ट लावून नवऱ्यापुढे, एस्किल्डपुढे, बशी ठेवली. तो हसून काहीतरी म्हणाला. दुपारी तो वारला. चार वर्षं ते वाक्य रोज आठवायचं. आज आठवेना. मी विसरले तर ते जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही.

सिग्नेचं एकच, आई, डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून घे. मुलींना घाई फार. वाचनालयातून पुस्तक आणलं. बी-बारा कमी पडलं की मेंदू थकतो, असं त्यात आहे. माझं कमीच असणार. पुढच्या प्रकरणाचं नाव 'पण गोळ्यांचा उपयोग सगळ्यांनाच नव्हे'. ते उद्या वाचीन. शंभर गोळ्या आणल्या. रोज एक, कॉफीबरोबर.

९ मार्च
डोकं लख्ख. चष्मा फ्रिजमध्ये होता, पण लगेच सापडला. गोळीचा गुण.

१७ मार्च
शेजारच्या बोडिलला गोळ्यांचं सांगितलं. अगं बाई, सकाळीच सांगितलंस की, म्हणाली. म्हटलं, महत्त्वाचं दोनदा सांगावं. प्रकरण राहिलंच. थकवा.

२२ मार्च, सकाळी ८
एस्किल्डचा वाढदिवस. आमच्या देशात वाढदिवसाला अंगणात देशाचा झेंडा चढवतात. तो गेल्यापासूनही या दिवशी झेंडा चढवायला मी एकदाही चुकले नाही. चढवला.

दुपारी ४
अंगणात झेंडा दिसला की आमच्या गल्लीत लोक केक घेऊन येतात. बोडिल आली. कुणाचा गं वाढदिवस? एस्किल्डचा, म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली. हळूच म्हणाली, अगं, त्याचा बावीस एप्रिलला असतो. म्हटलं, ठाऊक आहे मला, ही रंगीत तालीम. बरं तर, तालमीचा केक खाऊ, म्हणाली. हसलं कुणीच नाही.

सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवावा लागतो. दोरी तिने सोडली, घडी मी घातली.

मग गोळ्या मोजल्या. ऐंशी उरायला हव्या होत्या. शहाण्णव आहेत. म्हणजे डोकं लख्ख झालं ते गोळ्यांशिवायच.

२३ मार्च
सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले. पुस्तकातलं ते प्रकरण वाचलं, शेवटपर्यंत. मग सिग्नेला फोन केला आणि म्हटलं, डॉक्टरांची वेळ घे.