तांबडं तेवढं

तासगाव, ता. ९ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप मानसिंगदादास,
धाकट्या चंद्राचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

ऑपरेशन होऊन तू पुण्याहून उंब्रजला सुखरूप पोचलास हे कळलं, जीव भांड्यात पडला. आता भांडायला नर्स नाही म्हणून वहिनींशी भांडू नकोस.

माझं मात्र स्वयंपाकघर सुटलंय. सगळ्या घरात तुझ्याशी माझंच रक्त जुळलं, म्हणून मी त्या नव्या यंत्रापाशी झोपले. त्यानं रक्त ओढलं, तांबडं तेवढं तुझ्यासाठी ठेवलं नि उरलेलं मला परत सोडलं. ही नवलाई मीच हौसेनं सासूबाईंना सांगितली. त्या म्हणतात, "परत आलं ते तुजंच कशावरनं? त्या यंत्रात कुणाकुणाचं फिरलं असंल." माझ्या हातचं आता देवाला चालत नाही नि माणसांनाही चालत नाही.

नळ्या-पिशव्या प्रत्येकाला नव्या असतात, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं. एकदा येऊन तेवढं सांग. माहेरच्या पुरुषाचा शब्द इथं मानतील.

माया आहेच; ती घेऊन लवकर ये.
तुझी चंद्रा

उंब्रज, ता. २४ जानेवारी १९७८

चि. सौ. चंद्रास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण आमच्या हरणाचं लग्न फलटणला ठरत आलंय. माणसं विटाळ फार पाळणारी. तुझं रक्त माझ्याच अंगात, तेव्हा बोभाटा झाला तर पोरीचं मोडेल.

परवा तुझे मालक खरं-खोटं विचारायला आले, तेव्हा नेमके ते पाहुणे बसलेले. मी सांगून टाकलं की यंत्रबिंत्र काही नव्हतं, चंद्रानं रक्त दिलंच नाही, तिला बढाई मारायची सवय आहे. तूही तसंच म्हण. तुझी चूल तुला मिळेल.

उन्हाळ्यात पुन्हा ऑपरेशन आहे. तेव्हा गुपचूप ये.

सांभाळून राहा, राग धरू नकोस.
मानसिंग

तासगाव, ता. ३ फेब्रुवारी १९७८

दादा,

चूल मिळाली. आता मी विटाळलेली नाही, खोटारडी आहे. पण आमचे हे माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच बोलले. "रगत दिलं न्हाईस, तर पुण्यात इतकं दिस कुठं व्हतीस?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. मी काय सांगू?

उन्हाळ्यात बोलावलंस, येईन. पण चोरून नाही. यांना नि फलटणच्या पाहुण्यांना पुण्याला घेऊन ये, त्यांच्यादेखत मी नळी लावून घेईन. तेवढी छाती नसेल तर दुसऱ्या कुणाचं रक्त जुळतं का बघ.

लोभ असावा असं या खेपेला लिहवत नाही.
चंद्रा