टकटक वाजणारे बूट

वहिनी,

तुझा कुठे पहाटे डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. अलिबागला जातोय रिक्षाने, जेवायला घरी येतो. सायकल पडवीत आहे, पण पेडलं काढून नेलीत, छोट्या आरोहीला वर चढू देऊ नकोस.

काल माझंच चुकलं. पेडलात अडकणारे बूट घ्यायचे म्हणून गेलो आणि डोळे मिटून दादासारखेच उचलले, पेडलात अडकायचा तो क्लीटचा तुकडा तळातून बाहेर आलेला. फरशीवर ते कसे वाजतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी टकटक करत पडवीकडे निघालो आणि तू लिंबूपाण्याची बाटली भरून मागून धावत आलीस, दादा निघायचा तेव्हा यायचीस तशीच. दादा गेल्यापासून त्या बाटलीला घरात कुणी हात लावला नव्हता. मला बघून "तू हायस व्हय," एवढंच बोललीस. रात्री जेवलीही नाहीस.

दुसऱ्या जातीचे बूट मिळतात. त्यांचं क्लीट तळाच्या खाचेत बसतं, चालताना वाजत नाही. पेडलंही वेगळी लागतात. दोन्ही बदलून आणतो.

पण रिक्षाची वाट बघताना मनात आलं, तुला विचारलंच नाही. तो आवाज घरात राहायला हवा असेल, तर दुकान उघडायच्या आत फोन कर. बोलू नकोस काही, नुसता मिस कॉल दे. मी तसाच माघारी येईन.

गणराज